पाणी कधी सोडताय?

बोलता बोलता बाई मध्येच थांबायच्या, मान डाव्या खांद्याकडे कलती करायच्या आणि डोक्याच्या उजव्या बाजूला, कानाच्या जरा वर, तळव्याने दोन थापा मारायच्या. पोहून आलेल्या माणसाची ही सवय तुम्हीही पाहिली असेल. कानात अडकलेलं पाणी असं काढतात. बाईंचं वेगळेपण एवढंच, की तलाव बंद पडून वर्षं लोटली तरी त्यांची ही थाप चालूच होती. पुढे पुढे तर ती भाषणांच्या वेळी हमखास दिसायला लागली. अध्यक्ष उभे राहिले, "आदरणीय, वंदनीय" सुरू झालं, की बाईंची मान कलती व्हायची. शेजारच्याने काळजीने विचारलं तर म्हणायच्या, "काही नाही हो. कानात गेलंय. काढतेय."

आमची वसाहत नाशिकमधली, सातपूरच्या कारखान्यांतले कामगार, कारकून, शिक्षक अशांनी वसवलेली. तिच्या मध्यावर एक तरण तलाव आहे. "आहे" हे क्रियापद मी विचार करून वापरतोय. घरं बांधून झाल्यावर लोकांनी वर्गणी काढून तो खणला, त्यासाठी मंडळ स्थापन केलं आणि मंडळाला अध्यक्ष नेमला. तलाव आणि अध्यक्ष यांत जास्त कोण टिकलं ते पुढे कळेलच.

बाई मुलींच्या शाळेत पी.टी. शिकवायच्या. निवृत्त होऊन वीसेक वर्षं झाली तरी सगळ्या वसाहतीला त्या बाईच होत्या. ठेंगण्या, रुंद खांद्यांच्या, पांढऱ्या केसांचा बॉबकट केलेल्या. खुब्याचं हाड झिजलेलं, त्यामुळे चालताना काठी. पण काठी तलावाच्या शिडीला अडकवून त्या पाण्यात उतरल्या की शिडीपाशी जे काही राहायचं ते फक्त म्हातारपण. पाण्यातली बाई वेगळी होती. हात असे सावकाश, लांब टाकायच्या की पाणीच त्यांना पुढे देतंय असं वाटावं.

"वय जमिनीवर असतं, ग्रंथपाल," त्या मला म्हणायच्या. "पाण्यात कुठलं आलंय वय?"

मी कॉलेजात ग्रंथपाल होतो. माझं नाव त्यांना ठाऊक होतं, पण त्यांनी ते कधी घेतलं नाही. आमची ओळख झाली ती माझ्या कंबरेमुळे. डॉक्टरांनी पाण्यात व्यायाम करायला सांगितला आणि साठीचा मी, आयुष्यात बादलीपेक्षा खोल पाण्यात न उतरलेला, एका सकाळी उथळ बाजूला कठडा धरून उभा राहिलो. बायकांची वेळ संपत आली होती. बाई पोहत माझ्यापर्यंत आल्या, डोकं बाहेर काढलं, मला नीट पाहिलं.

"काय वाचताय?"

"काही नाही. अंदाज घेतोय."

"पाणी म्हणजे पुस्तक नाही, आधी चाळून बघायला. कठडा सोडा."

"बुडेन."

"इथे? इथे तुमचा नातू उभा राहतो."

त्यांनी माझ्या पाठीखाली एक हात धरला आणि मला उताणं पडायला लावलं. मी लाकडासारखा ताठ. "मान सोडा. मान. मानेत काय एवढं सांभाळून ठेवलंय? पाण्याशी भांडू नका, ते भांडत नाही कोणाशी." केव्हातरी त्यांनी हात काढून घेतला, ते मला कळलंच नाही. वर पत्र्याचं छप्पर, त्यावर कबुतरं, कानांत पाणी भरल्यामुळे सगळं जग गप्प. आयुष्यातली इतकी शांतता मला वाचनालयातही मिळाली नव्हती.

त्यांचं स्वतःचं शिक्षण विहिरीत झालं. गाव गोदाकाठचं, निफाड तालुक्यातलं. पाठीला रिकामा डबा बांधून भावाने विहिरीत ढकललं आणि डबा चौथ्या दिवशी यांनीच सोडून भावाच्या अंगावर फेकला. परकराचा काचा मारून त्या पायऱ्यांवरून मुटका मारायच्या, तेव्हा गावातली पोरं मोजत बसायची की पाणी कुठवर उडालं. मग लग्न झालं. सासरी नळ होता. "चांगलं घर मिळालं म्हणाले सगळे. घरात नळ!" बाई सांगायच्या. "नळाला काय पोहायचंय?" संसार, नोकरी, मुलगा, नवऱ्याचं आजारपण, असं सगळं आवरून त्या पुन्हा पाण्यात उतरल्या तेव्हा अठ्ठावन्न वर्षांच्या होत्या. दोन वर्षांनी ज्येष्ठांच्या राज्य स्पर्धेतून पहिलं पदक आणलं. मग येतच राहिली. ती सगळी स्वयंपाकघरात एका खिळ्याला टांगलेली असायची. त्यांतल्या काहींच्या फिती काढून पोह्यांच्या, रव्याच्या पिशव्यांची तोंडं बांधलेली. "फीत चांगली असते. रबर सडतं," हे त्यांचं पदकांविषयीचं एकमेव मत.

पण पदकं हे काही बाईंचं खरं काम नव्हे. खरं काम म्हणजे सकाळची बायकांची बॅच. ती त्यांनी जमवली. गुडघे धरून बसलेल्या, मधुमेहाच्या, सुना नोकरीला गेल्यावर दिवसभर टीव्हीसमोर पेंगणाऱ्या बायका त्यांनी दारोदार फिरून गोळा केल्या. "लोक काय म्हणतील" म्हणणारीला त्या म्हणत, "लोक पाण्याखाली बघत नाहीत." पहिल्यांदा मालतीताई आल्या त्या साडीवरच. आमच्या शेजारच्या इमारतीतल्या, पोस्टातून निवृत्त झालेल्या, स्वभावाने भित्र्या आणि खाण्याच्या शौकीन. पहिले सात-आठ दिवस त्यांनी शिडीच्या खालच्या पायरीवर उभं राहून देवाचं नाव घेतलं. वर्षभराने त्याच मालतीताई खोल बाजूला सूर मारत होत्या आणि वर आल्यावर नाक शिंकरत विचारत होत्या, "बाई, आज इडली की मिसळ?"

पोहून झाल्यावर या सगळ्याजणी ओल्या वेण्या पाठीवर टाकून कोपऱ्यावरच्या गाड्यावर मिसळ खायच्या. तो हसण्याचा आवाज आमच्या तिसऱ्या मजल्यापर्यंत यायचा. वसाहतीत एवढं मोठ्याने हसणाऱ्या बायका मी त्याआधी पाहिल्या नव्हत्या. नंतरही नाही.

मग एका सकाळी तलावाच्या फाटकावर पाटी लागली: दुरुस्तीसाठी आठ दिवस बंद. खोल बाजूच्या तळाला तडा गेला होता, पाणी झिरपत होतं. पाणी उपसलं. फरश्या काढल्या. काढलेल्या फरश्या एका कोपऱ्यात रचून ठेवल्या. आणि मग काहीच झालं नाही. पाटीवरचा आठचा आकडा उन्हाने फिका होत गेला, कोणीतरी सणाच्या रंगरंगोटीत तो पुन्हा काळ्या रंगाने ठळक करून ठेवला.

बाई मंडळाच्या कार्यालयात जायला लागल्या. अध्यक्षांना तुम्ही ओळखता. म्हणजे आमच्या अध्यक्षांना नाही, पण तुमच्याकडेही एक असतीलच. पांढरे कपडे, कपाळावर गंध, माणसाला पाहिलं की दोन्ही हात पुढे. आत येणाऱ्या कुठल्याही तक्रारीचं ते समारंभात रूपांतर करू शकत.

"अध्यक्ष, पाणी कधी सोडताय?"

"बाई! या, या! अहो, तुमचाच विषय चालला होता. महिला दिनाला तुमचा सत्कार करायचं ठरतंय."

बाईंना शाल मिळाली. त्या पुन्हा गेल्या. "पाणी कधी सोडताय?" पंचाहत्तरी झालीच होती, तीही मंडळाने उशिरा का होईना साजरी केली. पुन्हा शाल. त्या पुन्हा गेल्या. जीवनगौरव. मग ऐंशी ओलांडली तर सहस्रचंद्रदर्शन. "हजार चंद्र पाहिले म्हणून सत्कार," बाई मला म्हणाल्या. "चंद्र बघायला काय लागतं? मान वर करायची. मी हजार चकरा मारल्या, त्याचं काही नाही यांना."

यातलं प्रत्येक मानपत्र मी लिहिलेलं आहे. ज्येष्ठ नागरिक संघात मी गेलो तो वर्तमानपत्रं वाचायला, पण ग्रंथपाल म्हटल्यावर लोकांनी मला लेखक धरलं. मानपत्रं लिहिणं अवघड नसतं. निवृत्त शिक्षकाला "ज्ञानदानाचा वसा", बँकेतल्याला "सचोटी", समाजकार्य केलेल्याला "चंदनाप्रमाणे झिजणे", आणि ज्याने आयुष्यात काहीच केलेलं नाही त्याला "अजातशत्रू". बाईंच्या मानपत्रात मी "जलपरी" हा शब्द घालावा असं अध्यक्षांचं म्हणणं होतं. बाईंनी मसुदा वाचला, चष्मा काढला.

"किती वेळा पाणी लिहिलंय हो तुम्ही यात?"

"असेल चार-पाच वेळा."

"एवढं तलावात असतं तर पाय तरी भिजले असते."

जीवनगौरवाची शाल घेऊन त्या व्यासपीठावरून उतरल्या तेव्हा अध्यक्ष माइकवरून म्हणाले, "बाईंनी काहीही मागावं, मंडळ नाही म्हणणार नाही." बाई मागे वळल्या. हातातली शाल वर धरून म्हणाल्या, "तळाला तडा गेलाय ना? ही घ्या. कोंबा त्यात. घरी अजून आहेत, त्याही पाठवते." टाळ्या पडल्या. बाईंचं काहीही ऐकलं की लोक टाळ्या वाजवायचे. एकदा माणूस प्रेरणादायी ठरला की त्याचं बोलणं कोणी ऐकत नाही.

तुम्ही म्हणाल, एवढं काय? दुसरा तलाव नव्हता का नाशिकमध्ये? होता. एका खासगी क्लबात आम्ही गेलो. तिथला व्यवस्थापक तरुण, अदबशीर. बाईंचा फोटो त्याने कुठेतरी पाहिला होता. उठून पायाच पडला. "आजी, तुम्ही आमच्यासाठी प्रेरणा आहात." मग खुर्चीत बसून म्हणाला, "पण सत्तरीच्या पुढच्यांना आम्ही आत सोडत नाही. विम्याचा प्रश्न येतो." बाई बाहेर आल्या, मान कलती केली आणि दोन थापा मारल्या.

गोदावरीचा घाट त्यांच्या खुब्याला उतरता येत नव्हता, आणि खाली जिथे उतार सोपा आहे तिथे पाण्यावर पाणवेलींची हिरवी चादर. शेवटी त्या म्हणाल्या, माझ्या विहिरीवर चला. मी गाडी काढली. विहीर होती. पण तिच्यावर लोखंडी जाळी ठोकलेली, जाळीतून मोटारीचा पाइप खाली गेलेला. त्यांचा भाचा चहा घेऊन आला.

"आत्या, इहिरीत कोण पवतं आता? मोटार हाय ना."

"जाळी निघत नाही का रे?"

"काढायची कशाला? पोरंसोरं पडतील."

"पडायलाच असते ती," बाई म्हणाल्या. जाळीच्या चौकोनातून त्यांनी बोटं आत घातली, पण पाणी फार खाली होतं.

इकडे बॅच विरत चालली होती. एक पुण्याला मुलाकडे गेली, एकीचे गुडघे बदलले, एक गेलीच. मालतीताईंचं वजन वाढलं आणि त्या पुन्हा टीव्हीसमोर पेंगायला लागल्या. बाईंचा खुबा आखडत होता. डॉक्टरांनी मला बाजूला घेऊन सांगितलं होतं, पाण्यातली हालचाल पुन्हा सुरू झाली नाही तर या वर्ष-दीड वर्षात अंथरुणाला लागतील. हे बाईंना माझ्याआधी माहीत होतं. त्या पाण्यासाठी भांडत होत्या ती काही हौस नव्हती, हे आम्हा दोघांनाच कळत होतं.

त्याच सुमारास अध्यक्षांनी जाहीर केलं की यंदा मंडळ वसाहतीतल्या कर्तृत्ववान ज्येष्ठांचा भव्य कृतज्ञता सोहळा करणार. बाई मुख्य सत्कारमूर्ती. आणि स्थळ? नेहमीचं सभागृह एका लग्नाला दिलेलं होतं. तेव्हा कोणाच्या तरी डोक्यात आलं, तलाव रिकामाच आहे, वर छप्पर आहे, तळाला मांडव घालू. उथळ बाजूला खुर्च्या, खोल बाजूला व्यासपीठ. उतरायला लाकडी उतार करू. शिवाय कल्पकता! पोहणाऱ्या बाईंचा सत्कार तलावातच!

मला वाटलं बाई चिडतील. त्या हसल्या. मग दुसऱ्या दिवशी उरलेल्या बॅचला त्यांनी घरी बोलावलं. मी मानपत्राचा मसुदा दाखवायला गेलो होतो, म्हणून मीही होतो. दहा-बारा बायका, चहा, भाजलेले शेंगदाणे.

"तुमच्या टोप्या आहेत ना अजून? पोहायच्या?"

कोणी मान डोलावली, कोणी म्हणाली शोधावी लागेल.

"शोधा. पर्समध्ये घालून आणा. मी व्यासपीठावर टोपी घालीन. मी घातली की तुम्ही सगळ्यांनी घालायची आणि बसून राहायचं. घोषणा नको, भांडण नको. फक्त बसायचं. अध्यक्ष पाणी सोडायची तारीख सांगतील तेव्हाच उठायचं."

"आणि जेवण लागलं तर?" मालतीताईंनी विचारलं.

"लागू दे."

"नाही, जेवणात काय आहे ते कळलं असतं तर मनाची तयारी..."

सगळ्याजणी हसल्या. पुष्कळ दिवसांनी तो जुना, गाड्यावरचा हसण्याचा आवाज आला. बाईंनी मान कलती केली नाही. त्या रीतसर खूश होत्या. "एवढ्या जणी टोप्या घालून बसल्या की पेपरवाले आपोआप विचारतील. एका बाईचा सत्कार करता येतो हो. बारा जणींचा कसा करतील?"

आयुष्यात त्यांचा एवढाच हिशोब चुकला.

रविवारी सकाळी तलावाच्या फाटकाशी तुताऱ्या वाजत होत्या. तळाला हिरवा गालिचा, भिंतींना झेंडू. त्या भिंतींवर खोलीचे आकडे अजून तसेच रंगवलेले, खोल बाजूच्या सर्वांत मोठ्या आकड्याखाली व्यासपीठावरच्या मखमली खुर्च्या. लोक लाकडी उतारावरून खाली येत होते. बाईंसाठी उताराच्या तोंडाशी दोन स्वयंसेविका आरत्या घेऊन उभ्या होत्या. बाई तिकडे गेल्याच नाहीत. त्या आपल्या नेहमीच्या लोखंडी शिडीपाशी गेल्या, काठी खाली टाकली, वळल्या आणि पाठमोऱ्या एकेक पायरी उतरल्या. शिडी तळाच्या वरच संपते. पाण्यात माणूस तिथून स्वतःला सोडून देतो. बाई शेवटच्या पायरीवर क्षणभर थांबल्या. मी आधीच तळाशी उतरलो होतो. खांदा पुढे केला, त्यावर हात टेकवून त्या उतरल्या. "पाणी अंमळ कमी आहे," म्हणाल्या.

आणि मग मी मागे पाहिलं. उताराच्या पायथ्याशी दोन फेटेवाले उभे होते. येणाऱ्या प्रत्येक ज्येष्ठाला ते थांबवत होते आणि सराईत हातांनी, केशरी, गुलाबी, मोरपंखी, तुरा काढून फेटा बांधत होते. अध्यक्षांनी ऐनवेळी ठरवलं होतं की एकट्या बाईंचाच का, त्यांच्या सगळ्या सहकारी भगिनींचाही सत्कार करू. बॅचमधल्या बायका रांगेत उभ्या होत्या, एकमेकींचे फोटो काढत होत्या. मालतीताईंना मोरपंखी मिळाला होता. त्यात त्या खरोखर सुरेख दिसत होत्या.

कोणी फितवलं, असं तुम्ही विचाराल. कोणीही नाही. मी नंतर खूप विचार केला. कट करायला अक्कल लागते. फेट्याला लागत नाही.

बाईंची पाळी आली. फेटेवाला व्यासपीठावर चढला. बाईंनी त्याला हाताने थांबवलं, पिशवीतून निळी रबरी टोपी काढली आणि दोन्ही हातांनी ताणून डोक्यावर चढवली. "फेटा नको. पाण्यात सुटतो." सभेत हशा. मग माइक धरून त्या म्हणाल्या, "मी बसलेय तिथे माझ्या डोक्यावर पुरुषभर पाणी असायचं. तुम्ही बसलाय तिथे तुमच्या छातीपर्यंत. आत्ता कोणी नळ सोडला तर या तलावातून वर मी येईन, आणि ही समोरची माझी बॅच येईल. अध्यक्षांचं सांगता येत नाही." पुन्हा हशा. अध्यक्षही पोट धरून हसले. "तेव्हा मी सरळ विचारते. पाणी कधी सोडताय?"

आणि त्यांनी दुसऱ्या रांगेकडे पाहिलं.

दुसऱ्या रांगेत बारा फेटे होते. एकीने पर्स उघडली, आत पाहिलं, बंद केली. एकीचा हात तुऱ्यापर्यंत गेला आणि तुरा सरळ करून खाली आला. मालतीताई मांडीवरच्या शालीची घडी घालत होत्या, ती घडी संपतच नव्हती. बाई पाहत राहिल्या. निळ्या टोपीत त्यांचा चेहरा लहान मुलीसारखा उघडा पडला होता.

अध्यक्षांनी माइक घेतला. "बाईंच्या या मिश्कील स्वभावामुळेच आम्ही सगळे त्यांच्या प्रेमात आहोत! आणि बाई, तुम्ही विचारलंत, तर आज या पवित्र जागेत मी जाहीर करतो, की या वास्तूला यापुढे तुमचं नाव दिलं जाईल!" तुताऱ्या. टाळ्या. लोक उभे राहिले. सूत्रसंचालिका म्हणाली, भोजनाची व्यवस्था उथळ बाजूला, म्हणजे माफ करा, उजव्या बाजूला केलेली आहे.

सगळ्यांत आधी दुसरी रांग उठली.

बाईंनी टोपी काढली, पिशवीत घातली. मान कलती केली, पण थाप मारायला वर गेलेला हात अर्ध्यावरूनच खाली आला. मी त्यांना शिडीकडे नेऊ लागलो, तर म्हणाल्या, "नको. उतारावरून जाऊ." लाकडी उतारावरून, काठी टेकत, स्वयंसेविकेने धरलेल्या हातासह त्या वर गेल्या, कुठल्याही सत्कार झालेल्या म्हातारीसारख्या.

मालतीताई दुसऱ्या दिवशी त्यांच्या घरी गेल्या. तिथे मीही होतो. "बाई, इतका घट्ट बांधला होता हो. आणि सुनेने सांगितलं होतं, फोटो होईपर्यंत सोडू नका म्हणून." बाईंनी ऐकून घेतलं. मग म्हणाल्या, "छान शोभत होता गं तुला. मोरपंखी." मालतीताई तिथेच रडायला लागल्या. बाई रागावल्या असत्या तर बरं झालं असतं.

पुढची गोष्ट सांगायला मला लाज वाटते, पण ती माझी लाज नाही. त्या सोहळ्याचे फोटो सगळीकडे फिरले. काय सुंदर जागा आहे, भिंतींची नैसर्गिक शोभा, आवाज किती छान घुमतो, असं लोक म्हणू लागले. साखरपुड्यासाठी मिळेल का? बारशासाठी? तेव्हा मंडळाला साक्षात्कार झाला की तलावात पाणी नसणं हाच तलावाचा गुण आहे. तडा बुजवला. वर पांढरी चकचकीत फरशी बसवली. जी दुरुस्ती इतकी वर्षं होत नव्हती, ती महिन्यात झाली. फाटकावरची आठ दिवसांची पाटी निघाली आणि बाईंच्या नावाची सोनेरी पाटी लागली, नावापुढे "सभागृह".

बाईंना मी रिक्षातून ती पाटी दाखवायला नेलं. त्या उतरल्या नाहीत. "जित्या माणसाचं नाव लावलं की समजायचं," म्हणाल्या, "आता त्याचं काही ऐकायचं नाही असं ठरलंय." पाणी कधी सोडताय, हे त्यांच्या तोंडून मी त्यानंतर ऐकलं नाही.

डॉक्टरांचा अंदाज बरोबर निघाला. शेवटच्या दिवसांत त्यांना अंथरुणावरून उचलून गॅलरीत बसवत, पाय प्लास्टिकच्या टबात. मुलगा दुबईत, कामाला येणारी बाई सकाळी टब भरून ठेवायची. मी गेलो की म्हणायच्या, "या. हात घाला. बरं आहे आज पाणी." मी वाकून हात घालायचो. टबात त्यांची पावलं हळूहळू, जवळजवळ न दिसणारी, एकामागून एक हलत असायची. लाथ मारायची तीच पद्धत. पाण्यावर बारीक लाट उठायची आणि टबाच्या कडेला लागून विरायची.

एकदा त्यांनी विचारलं, "ग्रंथपाल, तुम्ही अजून उताणे पडू शकता का?"

"पाणी असेल तर."

"मान सोडायची विसरू नका," त्या म्हणाल्या.

त्या गेल्या तेव्हा शोकसभा त्यांच्याच नावाच्या सभागृहात झाली. मला चार ओळी लिहायला सांगितलं होतं. मी एकच लिहिली: त्यांना पाणी हवं होतं. सूत्रसंचालिकेने ती सुधारून वाचली: त्यांना पाण्याची विलक्षण ओढ होती.

गेल्या महिन्यात मंडळाच्या ज्येष्ठ गौरव सोहळ्याला मी गेलो होतो. आता तो दरवर्षी तिथेच असतो. मालतीताई माझ्या शेजारी बसल्या होत्या. फेटा बांधून घ्यायला त्यांनी नकार दिला होता. अध्यक्षांचं भाषण सुरू झालं. आदरणीय, वंदनीय. मालतीताईंनी मान डाव्या खांद्याकडे कलती केली आणि डोक्याच्या उजव्या बाजूला तळव्याने दोन थापा मारल्या.

मागे उभ्या असलेल्या स्वयंसेविकेने वाकून विचारलं, "आजी, काय होतंय?"

"काही नाही गं. पाणी."

ती पोरगी तत्पर. धावत गेली आणि पाण्याची बाटली घेऊन आली. अगदी लहान, समारंभात देतात तसली, चार घोटांत संपणारी. मालतीताईंनी ती उघडली नाही. नुसती हातात फिरवत राहिल्या. बाटलीवर सोनेरी अक्षरांत सभागृहाचं, म्हणजे बाईंचं, नाव छापलं होतं.